पुढचा मेंटॉर कुठून येणार?

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांतले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. वाशी, नेरूळ, खारघरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पायथॉन शिकवतात. आपल्या फोनमधल्या अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच आहे. नवी मुंबई अशा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरवर रोज जगते. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसांत मात्र आपल्या शहरातली माणसं फारच थोडी. ती वाढावीत कशी, त्यांना घडवण्याचा रीतसर कार्यक्रम असावा का, असला तर कसा, याबद्दल दोन ठाम मतं आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद.

एक बाजू संगणकशास्त्राच्या प्राध्यापिकेची. त्या कॉलेजात ओपन सोर्स क्लब चालवतात आणि त्यातून मेंटॉरशिपचा कार्यक्रम उभा करू पाहतात. दुसरी बाजू त्यांच्याच माजी विद्यार्थ्याची. तो दिवसा ऐरोलीत नोकरी करतो आणि रात्री एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीचा मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारा, असतो. दोन्ही पात्रं या लेखासाठी उभी केली आहेत. त्यांचे प्रश्न मात्र खरे आहेत. (त्यांच्या बोलण्यात ‘रेपो’ म्हणजे प्रकल्पाच्या कोडचं भांडार, ‘इश्यू’ म्हणजे त्यात नोंदवलेलं काम किंवा अडचण, ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणजे प्रकल्पाला पाठवलेला बदल, ‘रिव्ह्यू’ म्हणजे तो बदल तपासणं आणि ‘मर्ज’ म्हणजे तो स्वीकारणं.) रविवारची सकाळ आहे आणि दोघं नेरूळला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याभोवती फेरी मारताहेत.

प्राध्यापिका : जुलैत सुरू करायचं म्हणतेय. साठ मुलं, बारा आठवडे. तू आणि तुझ्या ओळखीचे चार-पाच जण मेंटॉर म्हणून आलात, तर बाकीचं सगळं मी बघते.

मेंटेनर : मॅडम, तुम्हाला नाही म्हणणं जिवावर येतं. पण आकडा ऐकूनच धडकी भरली. साठ मुलं म्हणजे साठ पुल रिक्वेस्ट नव्हेत. प्रत्येकीच्या चार-पाच फेऱ्या होतात. म्हणजे अडीचशे-तीनशे वेळा कुणीतरी बसून दुसऱ्याचा कोड नीट वाचायचा आणि उत्तर लिहायचं. ते ‘बाकीचं’ नाही, तेच मुख्य काम आहे.

प्राध्यापिका : म्हणून तर तुला विचारतेय.

मेंटेनर : २०२०चा ऑक्टोबर मी विसरलेलो नाही. हॅकटोबरफेस्ट या ऑनलाइन उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. एका व्हिडिओत दाखवलं होतं, की रीडमी फाइलीत एखादा शब्द वाढवला तरी चालतं. मग जगभरच्या रेपोंवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असल्या ओळींचा पाऊस पडला, आणि पाठवणाऱ्यांत आपल्याकडची मुलं मोठ्या संख्येनं होती. डिजिटलओशन या आयोजक कंपनीला ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून भाग घेतलाय, तिथलंच काम मोजायचं असं ठरलं. पुन्हा २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रेपोवर तेच. एका व्हिडिओतल्या धड्याचं उदाहरण गिरवत मुलांनी थेट त्या प्रकल्पाच्या रीडमीत आपापली नावं घालून पाठवली. मेंटेनर आपले एकेक बंद करत बसले.

प्राध्यापिका : त्या मुलांना मेंटॉर होता कुठे? बक्षीस होतं, व्हिडिओ होता. ‘थांब, आपण कुणाच्या घरात शिरतोय ते बघ’ असं सांगणारं माणूस नव्हतं. तू मेंटॉरशिपविरुद्ध पुरावा देतोयस असं तुला वाटतंय. मला तर तो मेंटॉरशिप नसल्याचा पुरावा दिसतो.

मेंटेनर : पण कार्यक्रम म्हटला की बक्षीस मागोमाग येतंच. प्रमाणपत्र, गुण, लिंक्डइनवर फोटो. नागपुरातून सुरू झालेल्या गर्लस्क्रिप्टचं समर ऑफ कोड बघा. लहान शहरांतल्या किती मुलामुलींना त्यांनी पहिल्यांदा हे दार दाखवलं! ते श्रेय त्यांचंच. पण तिथे पुल रिक्वेस्टला गुण आणि गुणांवर क्रमवारी असते. क्रमवारी आली की मूल इश्यू वाचण्याआधी त्याचे गुण बघतं. हा मुलांचा दोष नाही. जे मोजाल तेच ती करणार.

प्राध्यापिका : बरोबर. मग काय मोजायचं ते आपण ठरवू. पण मुळात कुणाला शिकवायचंच नाही, ज्याला यायचं तो येईल, असं तुझ्या बोलण्यातून निघतं, ते मला पटत नाही. माझ्या वर्गात उरण, पनवेल, कर्जतकडून मुलं येतात. बरीचशी मराठी माध्यमातली. त्यांना कोड येतो. पण इश्यूखाली इंग्रजीत ‘मी हे करू का?’ एवढं विचारायला त्यांचा हात धजावत नाही. सगळं जग वाचेल, कुणी हसेल, अशी भीती. काही जण लिहितात आणि पाठवण्याआधी पुसून टाकतात. ज्याच्या घरात आधीच कुणी इंजिनिअर आहे, त्याला हे संकोच नसतात. म्हणजे ‘ज्याला यायचं तो येईल’ याचा अर्थ ‘ज्याला आधीच रस्ता माहीत आहे तो येईल’ असाच होतो.

मेंटेनर : मी शिकलो तेव्हा मला कुणी बोट धरून नेलं नव्हतं. दुर्गापूरच्या लिनक्स यूजर ग्रुपचं, डीजीप्लगचं, उन्हाळी प्रशिक्षण असायचं. आयआरसी या जुन्या चॅटवर नुसता मजकूर. व्हिडिओ नाही, आवाज नाही, फी नाही, प्रमाणपत्राचा गाजावाजा नाही. हळू इंटरनेटवरसुद्धा चालायचं. आधी दिलेलं वाचून यायचं. शंका असली तर उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. सगळ्या तासांचे लॉग उघडे ठेवलेले. गैरहजर असलात तर वाचून काढा. कुशल दास आणि त्यांच्या मंडळींनी २००८पासून ते चालवलं. त्यातून पुढे आलेली माणसं आज मोठमोठ्या प्रकल्पांत आहेत.

प्राध्यापिका : अरे, मग तो कार्यक्रमच होता की! ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, शंका विचारायची रीत, शिकवणारी माणसं, आणि पुढच्या वर्षी शिकवायला परत येणारे जुने विद्यार्थी. तुला कुणी बोट धरून नेलं नाही म्हणतोस; पण तुझ्यासाठी कुणीतरी ती वेळ राखून ठेवली होती. उद्गारचिन्हाच्या त्या नियमाचाच विचार कर. बुजऱ्या मुलाला मोठ्या आवाजात बोलावं लागत नाही, आणि बडबड्याला मध्ये घुसता येत नाही. एक साधा नियम, पण त्याने दोघांची सोय झाली. रचना असते ती यासाठी.

मेंटेनर : हे मान्य. रचनेला माझा विरोध नाही. माझा विरोध कशाला आहे ते नीट सांगतो. तो प्रशिक्षणाचा वर्ग होता. तिथे चूक केली तर तिथेच राहायची. तुमच्या कार्यक्रमात नवशिके थेट चालू प्रकल्पात येणार. माझी लायब्ररी दोन-तीन कंपन्यांच्या बिलिंगमध्ये आहे. तिथल्या चुकीची किंमत तिसरंच कुणी मोजतं.

प्राध्यापिका : म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नयेत, असं तुझं म्हणणं.

मेंटेनर : हो. शिकवणं सगळ्यांसाठी हवं. मेंटॉरशिप थोड्यांसाठीच असू शकते, कारण ती माणसाच्या वेळातून येते, आणि माणूस मोजकाच असतो.

प्राध्यापिका : त्या ‘थोड्यां’ची निवड कशी करायची? गुणपत्रिका बघून करशील तर माझा कडवा विरोध.

मेंटेनर : गुणपत्रिका कशाला? पवईत आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे ना, केंद्राच्या शिक्षणखात्याच्या निधीवर चालणारा. त्यांच्या फेलोशिपला आधी एक काम देतात, ते नीट केलं की निवड. शाखा कुठली, टक्के किती, हा प्रश्न मागे पडतो. मला त्यांचा त्याहून जास्त आवडलेला उपक्रम म्हणजे टेक्स्टबुक कम्पॅनियन. अभियांत्रिकीचं एखादं प्रमाण पुस्तक घ्यायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये किंवा पायथॉनमध्ये लिहून काढायची. काम पुरं झालं की मानधन.

प्राध्यापिका : आमच्या मुलांनीही केलंय ते. पण त्यात मेंटॉरशिपचं काय?

मेंटेनर : काम कसं निवडलंय ते बघा, मॅडम. पुस्तकात उत्तर छापलेलं असतं. मुलाने लिहिलेल्या कोडचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही, तर चूक आहे हे तपासणाऱ्याच्या आधी त्याचं त्यालाच कळतं. एकेक उदाहरण छोटं, दुसऱ्यावर अवलंबून नसलेलं. एकाचं अडलं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. आणि शेवटी जे तयार होतं, ते दुसऱ्या कॉलेजातल्या मुलाच्या खरोखर उपयोगाचं असतं. नवशिक्याला द्यायचं काम असं लागतं. आमच्याकडे ‘गुड फर्स्ट इश्यू’ची चिठ्ठी लावतात आणि आत दोन ओळींत काहीतरी मोघम लिहिलेलं असतं. काम सुरू कुठून करायचं, संपलं हे कशावरून ओळखायचं, याचा पत्ता नाही. तसलं एक काम नीट लिहायला मला संध्याकाळ जाते. म्हणून मी म्हणतो, कार्यक्रमाची तयारी मुलांपासून करू नका, कामांच्या यादीपासून करा. पंचवीस नीट लिहिलेली कामं नसतील, तर मुलांना बोलवूच नका.

प्राध्यापिका : हा मुद्दा मी लिहून घेते. आणि तुझ्या ‘सगळ्यांना शिकवा’ला उत्तरही तिथेच आहे. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. दहाएक मिनिटांचा धडा, अर्ध्या स्क्रीनवर तो आणि अर्ध्यावर आपलं काम. ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं. तिथे मुलाची भाषा त्याच्या आड येत नाही. साठ जणांना मी तिथून सुरुवात करून देईन. पण धडा प्रश्नाचं उत्तर देत नाही रे. तो सगळ्यांना एकच सांगतो. मला हवाय तो त्याच्यापुढचा माणूस. तू रिव्ह्यू करतोस म्हणजे नेमकं काय करतोस, ते सांग बघू.

मेंटेनर : परवाचंच सांगतो. आमच्या लायब्ररीत आकडे भारतीय पद्धतीने दाखवणारं एक फंक्शन आहे. काही ठिकाणी ते १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ दाखवायचं. एका मुलीने दुरुस्ती पाठवली. शीर्षक ‘फिक्स्ड इश्यू’. उघडलं तर चाळीसेक फाइली बदललेल्या. तिच्या एडिटरने सगळीकडे स्पेस आणि टॅब बदलून टाकले होते. तिने स्वतः लिहिलेल्या ओळी जेमतेम सहा, त्या गर्दीत हरवलेल्या.

प्राध्यापिका : आणि तू?

मेंटेनर : दमलेला असतो तर नियमांच्या फाइलीची लिंक चिकटवून बंद केली असती. त्या दिवशी लिहिलं, ‘लाखाची जागा तुम्ही बरोबर पकडली आहे. पण तुमच्या एडिटरने इतर फाइलीही बदलल्या आहेत, त्यामुळे तुमचं काम मला शोधावं लागतंय. फक्त त्या सहा ओळी वेगळ्या कमिटमध्ये पाठवाल का? आणि उणे पंधरा हजार दिले तर काय येतं, ते बघून सांगा.’

प्राध्यापिका : उणे पंधरा हजारच का?

मेंटेनर : तिने शेवटचे तीन आकडे बाजूला काढून उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट केले होते. उण्याचं चिन्हही त्या उरलेल्यांतच राहत होतं. उणे दीड लाख दिले तर योगायोगाने बरोबर येतं, कारण चिन्ह एक या आकड्याला चिकटून जातं. उणे पंधरा हजारांना मात्र चिन्ह एकटं पडतं आणि उण्याच्या पुढे लगेच स्वल्पविराम येतो. मी सांगून टाकलं असतं तर तिने दुरुस्त केलं असतं आणि विसरली असती. तिने स्वतः चालवून बघितलं, चिन्ह आधी वेगळं काढलं, आणि मी न सांगता शून्य आणि तीन आकडी संख्यांच्याही टेस्ट लिहिल्या.

प्राध्यापिका : हीच मेंटॉरशिप. तू ती करतोयस आणि तिला विरोधही करतोयस.

मेंटेनर : मी त्यात पाऊण तास घालवला, मॅडम. ती दुरुस्ती मला पाच मिनिटांची होती. तुमच्या साठ मुलांचा हिशेब इथून करा. आणि हल्ली त्यात आणखी भर पडलीय. मूल इश्यू एआयला देतं, आलेला कोड तसाच पाठवतं. मी प्रश्न विचारला की तो प्रश्नही एआयला देतं. मग मी नेमकं कोणाला शिकवतोय? कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षं जाहीरपणे सांगताहेत, की यंत्राने लिहिलेले सुरक्षिततेचे खोटे अहवाल वाचण्यातच त्यांच्या लोकांचा वेळ जातो. लिहिणं फुकट झालं, वाचणं मात्र होतं तेवढंच महाग राहिलं.

प्राध्यापिका : एआयवर बंदी घालून भागणार नाही, मुलं नोकरीत तेच वापरणार आहेत. पण एक अट घालता येईल. पाठवलेली प्रत्येक ओळ का आहे, हे मेंटॉरसमोर तोंडी सांगायचं. सांगता आलं नाही, तर ती ओळ मागे घ्यायची. मी परीक्षेला वर्षानुवर्षं तोंडी घेतेय, सांगणाऱ्याला विषय कळलाय की नाही ते दोन मिनिटांत उमगतं.

मेंटेनर : हे चालेल. पण वेळाचा प्रश्न तसाच राहतो.

प्राध्यापिका : वेळाचाच प्रश्न असेल तर मी तुला उलट विचारते. तू किती वर्षं एकटा सांभाळणार आहेस ही लायब्ररी?

मेंटेनर : जमेल तोवर.

प्राध्यापिका : एक्सझेडचे लासे कोलिनही असेच एकटे सांभाळत होते ना?

मेंटेनर : ती गोष्ट काढणार हे माहीत होतं मला. जगातल्या बहुतेक लिनक्स सिस्टिमवर असणारं फाइली आवळायचं साधन, आणि वर्षानुवर्षं सांभाळणारा जवळजवळ एकच माणूस, तोही हौसेने, बिनपगारी. आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचं त्यांनी २०२२मध्ये मेलिंग लिस्टवर लिहिलं होतं. तेव्हा काही खात्यांवरून सारखा तगादा चालला होता, की काम पुढे सरकत नाही, दुसऱ्या कुणाला हक्क द्या. ‘जिया टॅन’ नावाने मदत करणारा एक जण होताच. त्याला हक्क मिळाले. २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने उघड केलं, की या टॅनने त्या साधनात चोरदरवाजा बसवलाय. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा त्यांनी पिच्छा पुरवला म्हणून सापडलं.

प्राध्यापिका : यावरून तू काय शिकलास?

मेंटेनर : की नव्या माणसावर लगेच विश्वास ठेवू नये. दोन वर्षं नेमाने मदत करणारासुद्धा भलताच निघू शकतो.

प्राध्यापिका : मी वेगळं शिकले. थकलेल्या, एकट्या माणसाच्या दाराशी जो पहिला मदतीला येतो, त्याच्याच हाती किल्ल्या जातात. त्या प्रकल्पात चार जण आधीपासून एकमेकांचा कोड वाचत असते, तर नवा माणूस एवढ्या सहज आत आला असता का? विश्वास एकाने एकावर ठेवला की तो जुगार होतो. तोच चौघांनी उघड्यावर, पायरीपायरीने ठेवला की त्याला पद्धत म्हणतात. डेबियन या लिनक्स वितरणात नाही का? ज्याला हक्क नाहीत त्याचं पॅकेज आधी कुणी हक्कदार तपासून आपल्या जबाबदारीवर चढवतो. मग तो डेबियन मेंटेनर होतो, त्याला ठरावीक पॅकेजांपुरते हक्क मिळतात. मग डेबियन डेव्हलपर. आणि त्याच्या डिजिटल कीवर आधीच्या डेव्हलपरांनी, ओळख पटवून, सही केलेली असावी लागते.

मेंटेनर : डेबियनला मी नाकारत नाही. पण तिथे अनेकांना वर्षं लागतात. तुमचे बारा आठवडे.

प्राध्यापिका : मग बारा आठवडे ही पहिली पायरी, असं छापू. पण पायऱ्या पुढे आहेत हे पहिल्या दिवशी सांगू. गूगलचं समर ऑफ कोड २००५पासून चालू आहे. पैसे गूगल देतं, मेंटॉर प्रकल्पातले असतात, मध्यावर आणि शेवटी मूल्यमापन होतं. आधी फक्त विद्यार्थ्यांना होतं, २०२२पासून इतर नवशिक्यांनाही खुलं झालं. त्याचा फायदा घेऊन किती भारतीय मुलं पुढे गेली! पण तुझंच निरीक्षण आहे, की शेवटचा हप्ता जमा झाला की बरीच मुलं दिसेनाशी होतात.

मेंटेनर : त्यांना दोष देत नाही. प्लेसमेंट येते, घरची ओढ असते. पण त्यात एक गोष्ट खटकते. मुलाला मानधन मिळतं. मेंटॉर बहुतेक ठिकाणी आपल्या झोपेतून वेळ काढतो.

प्राध्यापिका : मुलांचं मानधन मात्र कमी करू नकोस. आउटरीची हा कार्यक्रम ज्यांना या क्षेत्रात सहज जागा मिळत नाही त्यांच्यासाठी आहे. तिथे तीन महिन्यांचे सात हजार डॉलर मिळतात, जगात कुठेही राहत असलात तरी तेवढेच. आणि निवडीआधी काही आठवडे त्या प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. ज्या मुलीला सुट्टीत शिकवण्या घेऊन घर चालवायचं आहे, ती फुकटात ओपन सोर्स करणार नाही. तिला पैसे नाकारणं म्हणजे दार फक्त सुखवस्तू मुलांसाठी उघडं ठेवणं. मेंटॉरच्या वेळाचं म्हणशील, तर तो कंपन्यांकडून मागायला हवा. तुमच्या ऐरोलीतल्या इमारती ज्या सॉफ्टवेअरवर उभ्या आहेत, त्यासाठी आठवड्याचे तीन तास कामाच्या वेळेत धरा, एवढंच मागायचं. देणगी नको, वेळ द्या.

मेंटेनर : मी मागून बघेन. नाही मिळाले तर मुलांची संख्या कमी करायची, माझे तास वाढवायचे नाहीत, हे लिहून ठेवा.

प्राध्यापिका : ठेवलं. आता आणखी एक गोष्ट. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचं केंद्र आहे. त्याची आधीची संस्था एनसीएसटी. लिनक्सवर आपल्या लिप्या नीट दिसाव्यात म्हणून तिथल्या मंडळींनी इंडिक्स नावाचं काम या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. आज माझी मुलं लिनक्सवर, फायरफॉक्समध्ये मराठी वाचतात, तेव्हा जोडाक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते, तिला जगभरचे लोक सांभाळतात. मला वाटतं, देवनागरीतली एखादी रचना चुकली तर ती डोळ्याला खटकणारी माणसं इथे आहेत. ती त्या रिव्ह्यूच्या टेबलावर असायला हवीत. संस्थेचा प्रकल्प निधीबरोबर संपतो. समुदायातलं काम तपासणारी माणसं असेपर्यंत चालतं.

मेंटेनर : म्हणून भाषांतरापासून सुरुवात करायची?

प्राध्यापिका : मराठीपासून. ‘र्‍या’ नीट दिसत नाही, हे ओळखायला इंग्रजी लागत नाही. आणि मुलांना शंका मराठीत विचारता याव्यात म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुप करणार आहे.

मेंटेनर : तिथे मात्र मी हटणार नाही. ग्रुपमध्ये दिलेलं उत्तर ग्रुपमध्येच मरतं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा येतो आणि पुन्हा मीच उत्तर देतो. शिवाय मूल प्रकल्पाशी बोलायला शिकतच नाही, फक्त माझ्याशी बोलतं. मी आजारी पडलो की त्याचं काम थांबलं.

प्राध्यापिका : आणि पहिल्याच दिवशी उघड्या चॅनेलवर ढकललंस तर ते बोलणारच नाही.

मेंटेनर : मग असं करू. आठवड्यातून एकदा मराठीत कॉल. तिथे शंका मनसोक्त विचारायच्या. आपण मिळून त्या शंकेचं नीट इंग्रजी वाक्य करायचं, आणि ते त्या मुलानेच, त्याच्याच नावाने, उघड्या चॅनेलवर टाकायचं. उत्तरही तिथेच. ग्रुप फक्त ‘आज कॉल आठला आहे’ यासाठी.

प्राध्यापिका : हे मला मान्य. आणि निवडीचं काम शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनमध्ये नको. चार आठवडे द्यायचे. कर्जतहून रोज लोकलने येणाऱ्या मुलाला दोन दिवसांत दमवून काय कळणार? मला हळू पण पुरं करणारी मुलं सापडायला हवीत.

मेंटेनर : चार आठवडे ठीक. पण सहाच घेऊ. तिघं मेंटॉर, प्रत्येकाकडे दोघं, आणि प्रत्येक मुलाचा एक राखीव मेंटॉर, म्हणजे कुणी गळलं तरी मूल अधांतरी राहत नाही.

प्राध्यापिका : साठांतून सहा! कॉलेजात मी काय सांगू?

मेंटेनर : साठ जण शिकले, हे सांगा. तेही खरंच असेल. पण मेंटॉर सहांनाच मिळाला; साठांना मिळाला असा आकडा फुगवू नका. आणि प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात द्यायचं नाही. वर्षभराने बघायचं. या सहांपैकी किती जणांनी दुसऱ्या कुणाची पुल रिक्वेस्ट नीट वाचून उत्तर दिलं? एकानेही नाही, तर कार्यक्रम बंद करायचा.

प्राध्यापिका : वर्षात बंद करायचा नाही. पहिल्या वर्षी आपणच शिकत असू. दोन वर्षं दे. पण मोजायचं ते हेच, यावर मी सही करते. किती मर्ज झाल्या ते मोजणार नाही, किती मुलं आली ते मोजणार नाही. बाराव्या आठवड्यात प्रत्येकाने एका नवख्याचा रिव्ह्यू करायचा, तुझ्या देखरेखीखाली. ते अभ्यासक्रमातच घालू. शिकलेलं पक्कं झालंय की नाही, ते दुसऱ्याला समजावताना कळतं.

मेंटेनर : मग जुलैत काय जाहीर करायचं?

प्राध्यापिका : जुलैत साठ जणांचं प्रशिक्षण, तेवढंच. त्या वेळात तू आणि तुझे दोघं मित्र पंचवीस कामं नीट लिहून काढा. कामं तयार झाली की निवड, निवड झाली की सहा जण. मेंटॉरांची नावं मुलांच्या आधी जाहीर करायची, आणि कंपनीने वेळ दिलाय की नाही तेही लिहायचं.

मेंटेनर : आणि मी किती वर्षं?

प्राध्यापिका : दोन. तिसऱ्या वर्षी मेंटॉर म्हणून मला तू नको आहेस. उणे पंधरा हजारांचा प्रश्न दुसऱ्याला विचारणारी ती मुलगी हवी आहे.